कवितेची ट्रायल

मास्तरांनी शटर अर्ध्यावर ओढलं. एवढी फट ठेवली की घरचं माणूस वाकून आत येईल आणि गिऱ्हाईक समजून जाईल की आज दुकान बंद आहे. मग ते कटिंगच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बसायला जागा होती, पण काही कठीण बोलायचं असलं की मास्तर उभेच राहत. उभ्याने कापड कापायची आयुष्यभराची सवय, तशी माणसांशी बोलायचीही.

दुकानात त्यांना मास्तर म्हणत आणि घरात दादा. साठी जवळ आली होती, तरी गळ्यातली टेप रविवारीसुद्धा उतरत नसे.

टेबलापलीकडे त्यांची बहीण बसली होती. दातांची डॉक्टर, भोवती पेशंटची ही गर्दी, पण या घरात ती अजून टाचणीच होती. लहानपणी दुकानाच्या फरशीवरच्या टाचण्या वेचून तिने ते नाव कमावलं होतं. तिच्या शेजारी धाकटा भाऊ, वकील, पेन उघडून तयार. इस्त्रीच्या टेबलावर चहाचा ट्रे ठेवून मास्तरांची बायको उभी. वर आई दुपारची झोपली होती, आणि तिला जाग येण्याआधी हे प्रकरण मिटवायचं, एवढ्यासाठीच ही बैठक होती.

"हे बघ टाचणे," मास्तर म्हणाले, "पुस्तक काढतेस, आनंद आहे. दवाखान्यावर नाव लागलं तेव्हा झाला होता तेवढाच आनंद आहे. पण ती एक कविता काढून टाक."

"तू वाचलीस का?"

"वाचायला कशाला पाहिजे? तूच फोनवर म्हणालीस ना, त्या चार महिन्यांवर आहे म्हणून."

त्या चार महिन्यांना या घरात दुसरं नाव नव्हतं. मास्तर चौदा वर्षांचे असताना आई घर सोडून गेली होती. आजीने सगळ्यांना सांगितलं की सूनबाई आजारी बहिणीच्या शुश्रूषेला गेलीय, आणि पोरांनी तेच पाठ केलं. आजी गेली, बाबा गेले, ज्यांना फसवायचं ते शेजारीही गेले, पण बहिणीचं आजारपण काही या घरातून हललं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मास्तरांनी ती मूठ एवढी वर्षं आवळून धरली होती.

आणि मुठीच्या आत आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. आई तेव्हा मुलींच्या एका वसतिगृहात पडदे नि चादरी शिवायच्या कामावर होती. हे त्यांना दुकानात येणाऱ्या एका बाईच्या तोंडून कळलं आणि एका दुपारी ते तिथे गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आत जाऊन चौकशी केली, परत आला आणि म्हणाला, "त्या नाहीत." तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या खिडकीत पडदा हललेला मास्तरांनी पाहिला. आई आत आहे आणि तिने मुद्दाम नाही म्हणून सांगितलंय, हे चौदा वर्षांच्या पोराने त्या क्षणी ठरवलं. ते दिवे लागेपर्यंत फाटकासमोर उभे राहिले. पुढे आई परत आली, तिने त्यांना वाढवलं, लग्न लावून दिलं, नातवंडांचं केलं. मास्तरांनीही तिचं सगळं केलं, औषधपाण्यापासून डोळ्यांच्या ऑपरेशनपर्यंत. पण तो पडदा काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. आता बहीण कवितेच्या निमित्ताने तेच दार उघडणार, आणि आईने पोटच्या पोराला फाटकावरून परत पाठवलं हे चार लोकांत होणार, या विचाराने आठवडाभर त्यांना झोप नव्हती.

"न वाचताच नाही म्हणताय?" बायको म्हणाली. "माप न घेता कधी कापड कापलंत का?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठे पडतेय? मी चहा देतेय." तिने चहा दिला आणि मध्येच पडून राहिली.

"दादा, हे बघ," टाचणी म्हणाली, "उद्या प्रकाशकाला माझा शेवटचा होकार द्यायचाय. तुम्ही नको म्हणालात तर मी ही कविता काढीन. पण मग पुस्तकच काढणार नाही. बाकीच्या सगळ्या कविता हिच्याच आधाराने उभ्या आहेत. आधी ऐका तरी."

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे परवानगी, हे या घरात कुत्र्यामांजरालाही कळे. टाचणीने चष्मा लावला आणि वाचायला लागली. दातांच्या खुर्चीवर भेदरलेल्या पेशंटशी बोलावं तशी, सावकाश.

बाबा माप घेतात तेव्हा
टेप हातात, नजर कापडावर,
आकडे मोठ्याने. मी ते उतरून घेते.

आज जी बाई आली
ती रांगेत उभी राहिली, बाकीच्यांसारखी.
बाबा म्हणाले, खांदा.
बाबा म्हणाले, छाती. कंबर. बाही.
ती माझ्याकडे बघत नव्हती,
इतकं बघत नव्हती
की मला कळलं.

टेप सांगत होती एक आकडा,
बाबा सांगत होते दुसरा.
गेल्या वर्षीची आई
बाबा पाठ म्हणत होते.
मी लिहिलं, बाबा म्हणाले ते.

तिने विचारलं, मोठा कुठे आहे?
बाबा म्हणाले, बटणं आणायला गेलाय.
धाकटा ताग्यावर झोपला होता.
तिने त्याच्या पायांवर
कापडाचं टोक ओढलं
आणि गिऱ्हाईकासारखी विचारून गेली,
कधी मिळेल?

वाचून झालं. मास्तरांच्या बायकोने पदराने डोळे टिपले आणि उगाच कपबशा हलवल्या. वकील कागदाकडे बघत होता. सगळ्यात आधी तोच बोलला, आणि कोर्टात कधी निघत नसेल असा त्याचा आवाज निघाला.

"ताई, मी खरंच तिथे होतो?"

"तांबड्या अस्तराच्या ताग्यावर. तोंड उघडं टाकून."

"मला कोणी कधी सांगितलंच नाही. मला वाटायचं, त्या दिवसांत मी नव्हतोच."

"नव्हतासच," मास्तर म्हणाले. "कोणीच नव्हतं. हे असं काही झालंच नाही."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"आई आली नव्हती. त्या चार महिन्यांत एकदाही नाही. आली असती तर मला दिसली असती. मी रोज इथेच असायचो."

"बटणं आणायला गेला होतास."

"बटणं आणायला मी सतरा वेळा जायचो! म्हणून काय झालं? तू सात वर्षांची होतीस टाचणे. पोरं बघतात एक आणि त्यांना आठवतं भलतंच. तुला आई यावी असं वाटत होतं, म्हणून ती आली. आणि बाबा मापात चुकले म्हणतेस? बाबा? लोक लांबलांबून यायचे ते काय बाबा चुकायचे म्हणून?"

टाचणीचा चेहरा उतरला. खरं तर हीच भीती तिलाही होती, आणि मास्तरांनी नेमकं तिथेच टोचलं होतं. "मीही कधीकधी तेच म्हणते स्वतःला," ती हळू म्हणाली. "स्वप्न असेल म्हणते. पण मला तिचे हात आठवतात रे. सुईने बोटं पार खरखरीत झाली होती."

वकिलाला वाटलं, भांडणापेक्षा तडजोड बरी. त्याचा धंदाच तो. "असं करू," तो म्हणाला. "कविता राहू दे. थोडीशी दुरुस्त करू. ‘आई’ हा शब्द काढला की प्रश्नच मिटला. कोणी एक बाई. आणि ‘बाबा’ऐवजी ‘कारागीर’. म्हणजे कोणावर बोट नाही."

आता यात मास्तरांना एकदम रस आला. हे त्यांच्या ओळखीचं काम होतं. आयुष्यभर लोकांचे कपडे इथे सैल, तिथे आवळ, करत आलेला माणूस. त्यांनी कागद ओढून टेबलावर सपाट केला आणि कानामागचा खडू घेतला. टाचणी "अरे, अरे" म्हणेपर्यंत कागदावर निळी रेघ ओढून झाली होती.

"हे टेपचा आकडा एक नि बाबांचा दुसरा, ते काढ. हे बाबांना शोभत नाही. ‘मोठा कुठे आहे’ हेही काढ, मोठ्याला उगाच कशाला मध्ये घेतेस? आणि ते बघण्याचं, ‘इतकं बघत नव्हती’, ते काही मला समजलं नाही."

"समजलं नाही ते पण काढायचं?" बायकोने विचारलं.

"लांबी कमी होते ना."

"धाकटा ताग्यावर झोपला होता, हे मात्र ठेवा," वकील घाईने म्हणाला.

"तुझं तेवढं बरं राहील!"

"मी तीन वर्षांचा होतो दादा. माझ्यावर कोणी काय आक्षेप घेणार?"

दोघे भाऊ पाच मिनिटं असे कागदावर वाकले होते, जणू उद्या लग्नाचा सूट द्यायचाय. टाचणी हाताची घडी घालून बघत होती. शेवटी मास्तरांच्या बायकोने तो कागद हातात घेतला, दूर धरला आणि उरलेली कविता मोठ्याने वाचली.

"कारागीर माप घेतो तेव्हा टेप हातात असते. आज एक बाई आली. धाकटा ताग्यावर झोपला होता. कधी मिळेल?"

तिने कागद खाली ठेवला. "ही कविता नाही हो. ही दुकानाची पाटी झाली."

आधी वकील हसला. मग टाचणी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मास्तरांनाही हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत ठेवलं.

"राहू दे," टाचणी म्हणाली आणि कागद गोळा करायला लागली. "दादा म्हणतो तसंही असेल. जे झालं नाही ते मी आईच्या नावावर खपवू नये. मी उद्या पुस्तक मागे घेते."

हेच तर मास्तरांना हवं होतं. पण ते हातात पडल्यावर त्यांना अजिबात बरं वाटलं नाही. बहिणीचा तो चेहरा त्यांनी फार वर्षांपूर्वी पाहिला होता, जेवताना आईचं पान मांडलेलं नाही हे तिला रोज नव्याने दिसायचं तेव्हा. "तसं नाही गं," ते पुटपुटले. "कोणाला विचारणार? सांगणारं कोण आहे?"

"वर झोपलीय की," बायको म्हणाली.

"वेड लागलंय? आईला विचारायचं?"

"का? तिच्या घरातली गोष्ट तिला सोडून बाकी सगळ्यांनी ठरवायची?"

"आपण कधी विचारलं नाही," वकील म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. तिघांनी मिळून एकदाही नाही."

तेवढ्यात जिन्याच्या वळणावरून आवाज आला, "चहा झाला असेल तर मला पण द्या. आणि एवढ्या जोरात वाचायचं असेल तर निदान सगळं वाचा. त्या पाटीच्या आधीचं मी झोपेतच ऐकलं."

आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. मास्तर धावले. तिने त्यांचा हात धरला, खाली आली, इस्त्रीच्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसली आणि मुलीकडे बघून म्हणाली, "पुन्हा वाच."

टाचणीने भावाकडे पाहिलं. मास्तर भिंतीकडे बघत होते. तिने वाचली, या खेपेला जरा अडखळत. आई चहा न पिता ऐकत होती. ‘गेल्या वर्षीची आई बाबा पाठ म्हणत होते’ या ओळीला तिने मान खाली घातली.

"आई," मास्तरांच्या बायकोने सरळ विचारून टाकलं, "तुम्ही आला होतात का?"

"आले होते."

दोनच शब्द. टाचणीने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"जीव गुदमरला होता माझा या घरात," आई म्हणाली. "तुझ्या आजीचं तोंड आणि तुझ्या बाबांचं मौन, दोन्हीच्या मध्ये मी. एक दिवस निघाले. पण निघाल्यावर पोरांशिवाय राहवेना. भेटायला येते म्हटलं असतं तर तुझ्या आजीने उंबरा ओलांडू दिला नसता. मग सुचलं, दुकानात काय, गिऱ्हाईक म्हणून कोणालाही येता येतं. पैसे साठवले, कापड घेतलं आणि कोट शिवायला टाकला. तुझ्या बाबांनी टेप लावली आणि आकडा सांगितला चुकीचा."

"म्हणजे चुकले!" मास्तर म्हणाले.

"चुकतील कसे? मी सुकले होते, टेपवर दिसत होतं. तरी त्यांनी सांगितला माझा जुनाच आकडा. मला माझं माप पाठ नव्हतं होय? मी शिंप्याची बायको. तोंड उघडून म्हणाले असते, मास्तर, दोन इंच कमी धरा, तर कोट नीट बेतला असता. नीट बेतलेला कोट घेऊन माणूस निघून जातं. सैल झाला की ट्रायलला परत बोलवावं लागतं. ते बोलले नाहीत, मी पण बोलले नाही. आमच्यात मनातलं तेवढं एकच बोलणं झालं त्या चार महिन्यांत."

"आणि ट्रायलला आलात?" सुनेने विचारलं.

"आले ती आले. परत कुठे गेले?"

ते मास्तरांना आठवत होतं. शाळेतून आले तेव्हा आई दुकानात उभी होती, अंगावर नवा कोट आणि त्याला अजून कच्चा टाका. त्यांनी दप्तर ठेवलं आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं होतं. कोट अर्धवट शिवलेला का, हा प्रश्न शिंप्याच्या पोराला तेव्हा पडला नाही, हे त्यांच्या आत्ता पहिल्यांदा लक्षात आलं.

"पण त्या पहिल्या दिवसाचं मला वाईट वाटतं," आई म्हणाली. ती आता थेट थोरल्याकडे बघत होती. "ही दोघं दिसली. तू नव्हतास. बटणं आणायला काय लागतं, पलीकडच्या गल्लीत जायचं. मी बसून राहिले त्या बाकावर. गिऱ्हाइकं आली नि गेली. तुझे बाबा सारखे दाराशी जाऊन बघत होते, म्हणत होते, हा एवढा उशीर कधी करत नाही. दिवे लागले, तेव्हा मग उठावंच लागलं मला. वसतिगृहाचं फाटक बंद झालं असतं."

मास्तरांच्या हातातला खडू टेबलावर पडला.

बटणं आणायला ते सतरा वेळा गेले असतील. पण दिवे लागल्यावर एकदाच आले होते. बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा हात उगारला होता, आणि मग न मारताच खाली घेऊन आत निघून गेले होते. का, ते कधी कळलं नव्हतं.

"दादा?" टाचणी म्हणाली. "काय झालं?"

"म्हणजे तो पहारेकरी खरं बोलत होता," मास्तर म्हणाले.

"कोण पहारेकरी?"

ते खाली बसले. कठीण बोलायचं होतं आणि तरी बसले. मग सांगितलं. फाटक, वरची खिडकी, हललेला पडदा, सगळं. वकील उठून त्यांच्या मागे येऊन उभा राहिला आणि त्याने खांद्यावर हात ठेवला.

"अगं बाई," मास्तरांची बायको म्हणाली. "काखेत कळसा नि गावाला वळसा!"

"माझी खोली मागच्या बाजूला होती रे," आई म्हणाली. "रस्त्यावरची खिडकी माझी नव्हतीच. वाऱ्याने हलला असेल पडदा. पोरींनी हलवला असेल." ती थांबली. "आणि तुला वाटलं तरी काय? मी आत बसून तुला नाही म्हणून सांगेन?"

"वाटलं."

"एवढी वर्षं?"

मास्तरांनी मान हलवली. त्यांना रडू येत होतं आणि त्याहून जास्त हलकं वाटत होतं. छातीवरून कोणीतरी इस्त्री उचलावी तसं. ते एकदम हसले, आणि मग दोन्ही एकदमच झालं.

आईने त्यांना जवळ ओढलं. साठीच्या माणसाचं डोकं धरून तिने केसांतून हात फिरवला आणि जो प्रश्न त्या संध्याकाळी विचारायचा राहिला होता तो विचारला. "खाल्लं होतंस का काही? की उपाशीच उभा होतास?"

"उपाशीच."

"बघा," आई सुनेला म्हणाली, जणू हे कालच घडलं. "तेव्हापासूनच हा असा."

सुनेने आईचा निवलेला चहा नेला आणि नवा ठेवला. वकिलाने नाक शिंकरलं. टाचणीने निळ्या रेघांचा कागद बाजूला सारून पिशवीतून कोरी प्रत काढली.

"आई, छापू?"

"छाप की. मला विचारून लिहिलीस का? मग छापायला कशाला विचारतेस? एकही शब्द हलवू नकोस. यांच्याकडे दिलीस तर बाह्या कापून टाकतील."

"दादा?"

"छाप," मास्तर म्हणाले. "सगळी छाप. चूकसुद्धा."

टाचणी कागदाकडे बघत राहिली. तिचं डोकं आता वेगाने चाललं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आई बाकावर, भाऊ फाटकावर, दोघं एकाच वेळी एकमेकांची वाट बघतायत. असं हाती लागलेलं कुठला कवी सोडेल? तिने पेन काढलं. "शेवटी आणखी एक कडवं जोडते. त्या पहारेकऱ्याचं. चालेल ना?"

मास्तरांनी डोळे पुसले आणि हात पुढे करून बहिणीच्या पेनावर ठेवला. "नाही चालणार."

"का रे? आता तर सगळं मिटलं."

"मिटलं म्हणूनच. तिथे फाटकाशी तू नव्हतीस. मी होतो." त्यांनी तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि ब्राऊन पेपरचा एक तुकडा जवळ ओढला. "ते माझं आहे. ते मी लिहीन."